गिझरच्या व्हॉल्व्हला बोळा नको!

पाणी तापताना गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब पडले, तर घाबरू नका. तापलेलं पाणी फुगतं. त्याचा दाब तिथून निघतो, कुकरच्या शिट्टीसारखा. पण गिझर थंड असतानाही गळत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला असेल. आपल्या अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं असं होतं. अशा वेळी मेन स्विच बंद करा. पाणी थंड झालं की व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा उचलून सोडा, म्हणजे अडकलेला क्षार वाहून जाईल. तरीही गळलं, तर प्लंबरकडून तेवढ्याच दाबाचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या. गटातल्या बायांना आम्ही एकच सांगतो: भोक बुजवू नका. कोंडलेल्या दाबानं टाकी फुटू शकते.