नळाला पाणी पाच दिवसांनी, आणि आरओ चारातलं तीन लिटर मोरीत : घरच्या मशीनची काळजी कशी घ्यावी?

सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरात धावपळीचा दिवस. हौद, टाकी, ड्रम, घागरी, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं, कारण पुढचं पाणी चार-पाच दिवसांनी. कधी रात्री उठून, कधी सहरीच्या वेळी मोटार लावून हे पाणी भरलं जातं. आणि त्याच पाण्यातून एक लिटर पिण्याचं पाणी काढताना स्वयंपाकघरातला आरओ साधारण तीन लिटर पाणी बारीक नळीतून मोरीत सोडून देतो.

हिशोब करून पाहा. पाच-सहा माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज 15 लिटर पाणी धरलं, तर 45 लिटर वाया. पाच दिवसांत 225 लिटर. म्हणजे 200 लिटरच्या भरलेल्या ड्रमापेक्षा जास्त पाणी आपल्या नकळत निघून जातं.

याचा अर्थ आरओ काढून टाका असा नाही. बऱ्याच घरांना त्याची खरी गरज आहे. पण गरज आहे का, मशीन नीट चालतंय का आणि वाया जाणारं पाणी कुठं जातंय, हे तीन प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मेकॅनिक येतो, काहीतरी बदलतो, पैसे घेतो आणि जातो. म्हणून ही माहिती.

आधी पाणी कुठलं ते पाहा

शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळतं. उजनी धरणातून जलवाहिनीने येणारं, भीमा नदीवरच्या टाकळीहून उचललेलं आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावाचं. हे नदी-तलावाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन टाकून सोडलं जातं. शिवाय अनेक गल्ल्यांत, अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी वापरतात. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. साबणाला फेस येत नाही, तव्यावर आणि गिझरमध्ये पांढरा थर बसतो.

पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते टीडीएस मीटरवर कळतं. हा पेनासारखा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) टीडीएस एका लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतो. नळाचं पाणी 500 च्या आत असेल तर आरओची गरज सहसा नसते, साधा यूव्ही किंवा यूएफ फिल्टर पुरतो, आणि त्यात पाणी वाया जात नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे 2019 मध्ये 500 पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ नको, अशीच भूमिका घेतली होती.

मात्र एक लक्षात ठेवा. टीडीएस मीटर फक्त क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हेही तो वेगळं सांगत नाही. बोअरजवळ गटार किंवा शोषखड्डा असेल तर पाण्यात नायट्रेट वाढू शकतं. मानकाची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर ते धोक्याचं ठरतं, आणि उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतंच. त्यामुळे बोअरचं पाणी प्यायचं असेल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

दोन सळ्यांच्या खेळाला फसू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक विक्रेता आला. त्याने एका ग्लासात नळाचं आणि दुसऱ्यात आपल्या मशीनचं पाणी घेतलं, वर सळ्या असलेलं एक विजेचं यंत्र ठेवलं. मिनिटभरात नळाचं पाणी काळपट-तपकिरी झालं. "बघा भाभी, हे तुम्ही मुलांना पाजता." शेजारच्या खाला तर घाबरून ॲडव्हान्स द्यायला निघाल्या.

खरं काय आहे? क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि त्या यंत्राची लोखंडी सळी विरघळू लागते. ग्लासात दिसते ती घाण नव्हे, सळीचाच गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. शंका असेल तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा.

मशीनच्या आत काय असतं?

पाणी आधी बाहेरच्या पारदर्शक भांड्यातल्या पांढऱ्या कँडलमधून (स्पन) जातं. तिथे माती-गाळ अडतो. मग सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन. कार्बन क्लोरीन आणि वास काढतो. मग पंप दाब देऊन पाणी मेम्ब्रेनमधून ढकलतो. शुद्ध पाणी एका बाजूने येतं आणि क्षार घेतलेलं उरलेलं पाणी दुसऱ्या नळीने बाहेर जातं. शेवटी यूव्हीचा दिवा आणि साठवणीची टाकी.

यातला सगळ्यात महागडा भाग मेम्ब्रेन. त्याचे दोन मोठे शत्रू, क्लोरीन आणि गाळ. म्हणजे स्वस्तातली कँडल आणि कार्बन वेळेवर बदलले, तर महाग मेम्ब्रेन टिकतं. नेमकं इथेच आपण कंजूसपणा करतो.

काय कधी बदलायचं?

बाहेरची कँडल : तारखेवर जाऊ नका, रंग बघा. तपकिरी झाली की बदला, साधारण तीन-चार महिन्यांनी. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा लवकर. धुऊन परत लावली तर वरून पांढरी दिसते, आतला गाळ तसाच राहतो.

सेडिमेंट आणि कार्बन : सहा महिने ते वर्ष.

मेम्ब्रेन : दोन-तीन वर्षं, पण पाणी फार जड असेल तर आधीच. नवीन मेम्ब्रेन बसवल्यावर पहिल्या दोन टाक्या भरून ओतून द्या. हे पाणी फरशी पुसायला वापरा.

यूव्हीचा दिवा : साधारण वर्षभर. तो निळा जळताना दिसला तरी जंतू मारण्याची ताकद कमी झालेली असू शकते.

फिल्टर बदलला की त्यावर मार्करने तारीख लिहून घ्या, आणि काढलेला जुना फिल्टर मेकॅनिककडून मागून घ्या. "बदलला" म्हणाला आणि जुनाच पुसून लावला, असे प्रकार होतात.

घरच्या घरी दोन तपासण्या

पहिली, टीडीएसची. मशीनमध्ये जाणारं पाणी मोजा, नळीतून येणारं शुद्ध पाणी मोजा. समजा 700 चे 50 झाले, म्हणजे जवळपास 93 टक्के क्षार अडले. मेम्ब्रेन चांगलं आहे. हेच 700 चे 200 होऊ लागले तर मेम्ब्रेन थकलंय. पण आधी टीडीएस कंट्रोलर, म्हणजे ती छोटी चावी, बंद करून मोजा. ती उघडी असेल तर थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. पाणी "गोड लागत नाही" म्हणून मेकॅनिक ही चावी जास्त फिरवून ठेवतात. नायट्रेटवाल्या बोअरच्या पाण्याला हे चुकीचं आहे. आणि टीडीएस 20-30 वर आणण्याचीही हौस नको. क्षार शरीरालाही थोडे लागतात.

दुसरी, दोन भांड्यांची. मशीन चालू असताना एका भांड्यात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात वाया जाणारं पाणी एकाच वेळी पाच मिनिटं धरा. वाया जाणारं साधारण तिप्पट असेल तर ठीक. पाच-सहापट असेल तर मेम्ब्रेन चोंदलंय किंवा पंपाचा दाब कमी आहे. अगदी थोडं येत असेल तर फ्लो रेस्ट्रिक्टर चोंदलाय, लवकर दाखवा. टाकी भरल्यावरही ती नळी चालूच राहिली तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बिघडलाय. रात्रभरात टाकी रिकामी होण्याचं हे एक मोठं कारण.

काहीजण पाणी वाचवायला ती नळी दाबून किंवा बांधून ठेवतात. असं मुळीच करू नका. क्षार बाहेर जात नाहीत आणि महिनाभरात मेम्ब्रेन खराब होतं. पाणी वाचवायचं असेल तर नवीन मशीन घेताना जास्त पाणी परत देणारं मॉडेल आहे का, ते विचारा.

टाकी आणि हौद

कार्बन क्लोरीन काढून घेतो, त्यामुळे मशीनच्या टाकीत जंतू वाढू शकतात. टाकी आणि नळाची तोटी अधूनमधून साफ करा. घरचा हौद किंवा गच्चीवरची टाकीही झाकलेली आणि धुतलेली हवी. नळ बंद असताना जमिनीतल्या फुटक्या जलवाहिनीत बाहेरचं पाणी ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते बाजूला सोडा. गटाराचा वास किंवा रंग आला तर आरओवर भरवसा ठेवू नका. महापालिकेकडे तक्रार करा, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत दुसरीकडचं पाणी उकळून प्या.

हज-उमऱ्याला किंवा लग्नाला गावी जाताना मशीनचा नळ आणि स्विच बंद करा, टाकी रिकामी करा. परत आल्यावर पहिली टाकी पिऊ नका.

वाया जाणारं पाणी

ते विषारी पाणी नाही. नळाला 700 टीडीएस असेल तर या नळीतून साधारण 900 चं येतं, इतकंच. एक बादली किंवा मोठा कॅन कायम खाली ठेवा. फरशी, संडास, गाडी, भांड्यांची पहिली धुणी, याला ते चालतं. आत जाणारं पाणी स्वच्छ असेल तर हेही नापाक नसतं, त्यामुळे वुजूलाही वापरता येतं. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. झाडांना रोज नको, क्षार मातीत साठतात. कूलरलाही टाळा, सोलापूरच्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं आणि जाळीवर पांढरा थर बसतो. प्यायला आणि स्वयंपाकाला मात्र अजिबात नाही.

नदीकाठी बसून वुजू करत असलो तरी गरजेपेक्षा जास्त पाणी वापरू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आपल्या दारात तर नदी नाही, पाच दिवसांनी येणारा नळ आहे. या शुक्रवारी जुम्याच्या आधी एकदा आरओची ती बारीक नळी कुठं सोडलीय ते बघा, खाली बादली लावा, आणि कँडलचा रंगही बघून घ्या.