पेटीचं झाकण वाकू नये तर व्हिनिअर दोन्ही बाजूंनी लावा

ताथवडे : भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारे बरेच कामगार मायक्रोमीटर, डायल स्वतःचे ठेवतात. पावसाळ्यात ते गंजले की माप चुकतं अन् जॉब रिजेक्ट होतो. त्यासाठी घट्ट झाकणाची लाकडी पेटी घरीही बनवता येते.

बाजूंना व झाकणाला १२ मिमी, तळाला ६ मिमी प्लाय घ्या. प्लायवर ‘आयएस ३०३’ आणि ‘बीडब्ल्यूआर’ हा शिक्का बघा. हा प्लाय ओल जास्त सोसतो.

सागाचं व्हिनिअर जेमतेम ०.५ मिमी जाड असतं. प्लायच्या रेषांना आडवं ठेवून चिकटवा आणि सपाट फळीखाली रात्रभर दाबून ठेवा. गोंद वाळताना व्हिनिअर आकसतं, फळीला आपल्याकडे ओढतं. एकाच बाजूला लावलं तर झाकण वाकतं, फट पडते आणि ओल आत शिरते. आतल्या बाजूला स्वस्तातलं व्हिनिअर चालेल, पण लावाच.

जोडताना गुण्या लावून काटकोन तपासा. पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, नाहीतर खालचा प्लाय उघडा पडेल. पॉलिशही आतून-बाहेरून करा.

पेटी पूर्ण वाळेपर्यंत उघडीच ठेवा. त्यानंतरच हत्यारं तेलाचा हात फिरवून आत ठेवा.