फक्त सील बदलून द्या

सकाळी साडेआठ

गणपती चार दिवसांवर आले की चिपळुणातल्या गॅरेजवाल्याला डोकं खाजवायला वेळ नसतो. शटर वर जायच्या आधीच दोन गाड्या दारात उभ्या. एक लोट्याहून रात्रपाळी करून आलेल्याची, क्लच वायर तुटलेली. ती लगेच मार्गी लावली. दुसरी, मुंबईहून परवा आलेल्या चाकरमान्याची पल्सर. वर्षभर गावच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. मे महिना आणि गणपती, एवढंच तिचं फिरणं.

“दादा, पुढचा शॉकअप गळतोय. फक्त सील बदलून द्या.”

“फक्त” म्हणणाऱ्याला मी आधी गाडीपुढे उकिडवं बसवतो आणि चकचकीत पाइपावरून नख फिरवायला लावतो. ह्याचं नख दोन ठिकाणी अडकलं. सील म्हणजे रबराचा पातळ ओठ, त्याला मागून बारीक स्प्रिंग आवळून धरते. पाइप खालच्या बॉटममध्ये वरखाली होताना हा ओठ तेल आत ठेवतो. पाइपाला गंजाचे खड्डे पडले असतील तर प्रत्येक खड्ड्यावर तो ओठ कापला जातो. नवं सील टाकलं तरी तेच होणार.

गळत होता तो नेमका डिस्कच्या बाजूचा पाय. तेल ओघळून कॅलिपरपर्यंत गेलेलं, आणि हे महाशय परशुराम घाट उतरून आलेले.

सव्वानऊ

गाडी सेंटर स्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ठोकळा. चाक काढायच्या आधी पोऱ्याला दोन गोष्टी ढिल्या करायला लावतो: पायाच्या तळाचा अॅलन बोल्ट आणि वरची टोपी. शॉकअप हँडलखालच्या टी-मध्ये आवळलेला आहे तोवर त्या सुटतात. एकदा हातात आल्यावर धरायला माणूस लागतो, शिव्याही लागतात. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे शेवटच्या आट्यांना तोंड बाजूला ठेवायचं. कॅलिपर तारेने हँडलला टांगला. ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन येता कामा नये. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठा सरकवला, म्हणजे कुणी चुकून ब्रेक दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाही.

दहा

डावा बोल्ट गोल फिरतो पण बाहेर येत नाही. आतला डॅम्पर रॉड त्याच्याबरोबरच फिरतोय. अशा वेळी घाईचा मेकॅनिक छिन्नी-हातोडी काढतो आणि बोल्टाचं डोकं खाऊन टाकतो. स्प्रिंग अजून आत ठेवायची, शॉकअप जमिनीवर उभा दाबून धरायचा, मग रॉडला जोर मिळतो आणि बोल्ट सुटतो. सुटला. खालचा तांब्याचा वॉशर फेकून दिला. तो जुना लावला तर सील नवं असूनही तेल तळातून झिरपतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं मेकॅनिकनं सील खराब टाकलं.

तेल डब्यात ओतलं तर दुधाच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, त्यानंतर महिनाभर आम्ही असंच तेल ओतत होतो, खाली बोटभर गाळासकट. तेव्हाही लोक सीलच मागायचे. ज्यांनी पाइप आणि बॉटम धुऊन घेतले नाहीत, ते दिवाळीला परत दारात.

साडेअकरा

मध्येच एक गुरुजी आले, शॉकअपवर तेलाचा नुसता ओलसरपणा. पाइप स्वच्छ, नख कुठे अडकत नाही. डस्ट सील वर सरकवलं, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून ओठाखाली घातली आणि गोल फिरवली. तांबडी माती आली बाहेर. गाडी दहा वेळा दाबली, पाइप कोरडा. सील टाकायची गरजच नव्हती. असं प्रत्येक वेळी होत नाही. ओठ फाटलेला असेल तर पट्टीचा उपयोग नाही. पण पाच मिनिटं बघायला काय जातं?

परत पल्सरकडे. दोन्ही पाइप जाड काचेवर लोळवून पाहिले: सरळ आहेत. उजव्याला वर, टी-जवळ गंज आहे, तिथपर्यंत सील जातच नाही, तो राहू दे. डाव्याचे खड्डे मात्र सीलच्या वाटेतच, आणि खोल. बारीक टोक असतं तर बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून घासून घेतलं असतं. इथे क्रोमच सुटलंय. हार्ड क्रोमला पाइप बाहेरगावी पाठवला तर गणपती बाप्पा परत जातील.

मालकाला फोन केला. “नवा पाइप? सीलच्या किती पट पैसे!” मग गप्प. मग, “भाऊ, सील टाकून बघूया ना.” मी नाही म्हटलं. काम कमी पैशात करायला हरकत नाही, दोनदा करायला आहे. पाऊण तासाने होकार आला.

दुपारी अडीच

डबा खाऊन झाला, दुकानातून पाइप, सीलची जोडी, पॅड आले. एकाच बाजूचं सील बदलायचं नसतं. दुसरं तितकंच म्हातारं असतं. जुनं सील उचकटताना बॉटमच्या आतल्या भिंतीला ओरखडा नको, म्हणून लिव्हरखाली कापड. नव्या पाइपाच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी ओढली, तेल चोळलं, वरून सील सरकवलं. धारेवर ओठ फाटायची भीती मग उरत नाही. बसवायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि मध्ये जुनंच सील, म्हणजे ठोके नव्यावर थेट पडत नाहीत. सर्कलिप खाचेत टक्क वाजली की सील पुरतं खाली गेलं. तिथवर ठोकत राहायचं, त्यापुढे एकही नाही.

साडेचार

तेल कंपनीच्या पुस्तकात जितकं, तितकंच. दोन्ही पायांत सारखं, मापाच्या नळीने. “इंजिन ऑइल घालतो, चालतं” म्हणणारे बरेच आहेत. चालतं, पण बहुतेकदा ते जाड पडतं आणि खड्ड्यात हँडल हाताला बुक्के मारतं. तेल घालून पाइप सावकाश वरखाली केला, आतली हवा निघाली.

डिस्क क्लीनरने पुसली. जुने पॅड तेल प्यायलेले. धुऊन, घासून वापरतात लोक, मी देत नाही. एक्सल शेवटचा आवळायच्या आधी पुढचा ब्रेक धरून गाडी दाबून घेतली, दोन्ही पाय आपापल्या जागी बसले.

सहा

खेर्डीपर्यंत फेरी, चार गतिरोधक. परत येऊन पाइप टिश्यूने पुसला. कोरडा. ब्रेक पहिल्या दाबात लागतो. मालक पैसे देताना अजून पाइपाचा हिशेब करत होता.

गाडी वर्षभर उभी ठेवणाऱ्यांना एवढंच सांगणं: मुंबईला निघायच्या आधी शॉकअपचा पाइप पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि पाइपावर ओलं दिसलं तर घाट उतरायच्या आधी ब्रेक बघा.