फुगडी आणि भोवरा

फुगडी थांबली तरी अंगण फिरतच राहतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरू लागलो की तो क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदू ओळखतो, फिरतोय. पण एकाच वेगाने बराच वेळ फिरलं की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं, सगळं स्थिर आहे. थांबावं तर द्रव धावतच असतो, म्हणून अंगण उलटं गरगरतं. अंगणात त्याची मजा वाटते. ढगात याच नळ्या जिवावर उठतात.

ढगातलं विमान हळूच डावीकडे कललं तर वैमानिकाला पत्ताही लागत नाही. लक्षात आल्यावर त्याने पंख सरळ केले, की कान बोंब मारतो: उजवीकडे पडतोय! म्हणून तो पुन्हा डावीकडे झुकतो, आणि विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला लावलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

गरगरण्यावरचा उतारा सापडला तोही गरगरण्यातच. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. विमान कसंही कललं तरी तो आपली दिशा धरून राहतो. त्यावर बेतलेलं, कृत्रिम क्षितिज दाखवणारं उपकरण घेऊन अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून उडाला. त्याच्या आसनावर झाकण होतं, बाहेरचं तसूभरही दिसत नव्हतं. पंधरा मिनिटांनी तो तिथेच उतरला. पुढच्या आसनावर खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक होता, पण त्याला हात घालावा लागला नाही. आजच्या मोठ्या विमानांत भोवऱ्याच्या जागी लेझरचे दोन झोत एकाच बंद वाटेने उलटसुलट धावतात. फुगडीच म्हणा ना!

हे झालं विमान सरळ ठेवण्याचं. आता धुक्यात उतरण्यासाठी जानेवारीतली दिल्लीची पहाट घ्या. पश्चिमेकडून येणारा पावसाळी पट्टा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, ओल टाकून गेलेला, आकाश निरभ्र, वारा पडलेला; रात्रभर जमीन उष्णता सोडते आणि तिला टेकलेल्या हवेत धुकं साचतं. योग्य उपकरणं आणि प्रशिक्षण असेल तर धावपट्टीवर फक्त ५० मीटरपर्यंतचं दिसत असतानाही इथे उतरता येतं. टेकताना विमानाचा वेग ताशी साधारण २५० किलोमीटर. म्हणजे दिसणारी सगळी पट्टी सेकंदाच्या आत चाकांखाली जाते! माणसाने पाहून काही करायला वेळच उरत नाही, म्हणून टेकवण्याचं काम ऑटोपायलट करतो.

त्याला वाट दाखवतात दोन सूर. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचा अँटेना एकाच रेडिओलहरीवर दोन सूर सोडतो. उतरणाऱ्याच्या डावीकडे ९० हर्ट्झचा जास्त जोरात, उजवीकडे १५० हर्ट्झचा. दोन्ही सारखे, म्हणजे आपण बरोबर मध्यावर. उतारासाठी अशीच दुसरी जोडी: वर ९०, खाली १५०, आणि त्यांची समतोल रेषा जमिनीशी साधारण तीन अंशांचा कोन करते. ९० ला षड्ज धरला तर १५० हा शुद्ध धैवत लागतो, हे कुणा गवयाला सांगायला मला फार आवडेल. कॉकपिटमध्ये मात्र ते कुणी ऐकत बसत नाही. दोन्हींतला फरक काट्याला कळतो. कानावर येतो तो रेडिओ अल्टिमीटरचा कोरडा आवाज: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेन्टी, टेन. ही जमिनीपासूनची उंची, फुटांत. मग चाकांचा धक्का.

विमान थांबतं, आणि खरी शोधाशोध सुरू होते. पट्टीवरून बाहेर वळवणं वैमानिकाच्याच हाती असतं, आणि धुकं तसंच आहे. जमिनीतल्या हिरव्या दिव्यांवर डोळे रोवून, कधी पुढे ‘फॉलो मी’ लिहिलेल्या जीपच्या मागोमाग, ते अजस्र धूड बैलगाडीच्या चालीने निघतं.