नवी एकांकिका सुचवा म्हणाल तर...

दरवर्षी जून-जुलैत माझा फोन वाजू लागतो. महाविद्यालयांतले सांस्कृतिक विभागाचे प्राध्यापक, नाटकवेडी मुलं, कधी एखाद्या बँकेच्या नाट्यसंघाचे सचिव. मागणी एकच : "काका, नवी एकांकिका सुचवा. पात्रं कमी, नेपथ्य कमी, विषय जोरदार." मी नाट्यशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून पंचवीसेक वर्षं एकांकिकांच्या संहिता जमवत आलो, एवढीच माझी पात्रता. हस्तलिखितं, झेरॉक्स, तालमीतल्या चहाचे डाग पडलेल्या प्रती यांनी घरातलं एक कपाट भरलं आहे. तरीही या प्रश्नाचं उत्तर देताना मी अलीकडे अडखळतो. त्याचं कारण या लेखात मांडतो आणि शेवटी उत्तरही देतो.

२०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही, असा निर्णय दिला. बरीच चर्चा झाली. काहींना तो मुलांवर अन्याय वाटला, काहींना इशारा. १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासकने सुरू केलेल्या या स्पर्धेने मराठी रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शकांच्या पिढ्या दिल्या आहेत. त्यामुळे निर्णय बरोबर की चूक या वादात मला पडायचं नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे : ही मुलं लिहायला बसतात तेव्हा त्यांच्यासमोर वाचलेलं काय असतं?

बहुतेकदा गेल्या वर्षीची बक्षीसपात्र एकांकिका. तीही वाचलेली नाही, पाहिलेली.

स्पर्धेने दिलेलं आणि स्पर्धेने नेलेलं

मराठीत छोट्या नाटकाची परंपरा पोरकी नाही. दिवाकरांनी १९११पासून नाट्यछटा लिहिल्या. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांवरून सुचलेला तो प्रकार त्यांनी इतका आपलासा केला, की एका पात्राच्या बोलण्यातून समोरचं न दिसणारं पात्रही उभं राहतं. पुढे तेंडुलकर, मतकरी, आळेकर यांनी एकांकिका गंभीरपणे लिहिली. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' १९६७ साली 'सत्यकथे'त छापून आली आणि विजया मेहतांच्या नजरेत भरली. हा क्रम लक्षात घ्या. आधी छापली गेली, मग रंगमंचावर आली. एकांकिका तेव्हा कथा-कवितेच्या शेजारी बसून वाचली जात होती.

आज एकांकिका मुख्यतः स्पर्धेत जन्मते. आयएनटी, पुरुषोत्तम, लोकांकिका, अशी वर्षभराची वारी असते. त्या त्या वर्षी पहिल्या आलेल्या एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री 'सवाई'त एकमेकींसमोर उभ्या राहतात. या व्यवस्थेमुळेच तालुक्याच्या गावातल्या मुलाला रंगमंच मिळतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पण स्पर्धेची एक सवयही असते. परीक्षकांनी दिवसभरात सात-आठ प्रयोग पाहिलेले असतात. त्यांना जागं करायचं तर सुरुवात दणक्यात हवी, मध्ये समूहाच्या हालचाली हव्यात आणि शेवटी धक्का हवा. हळूहळू धक्का हाच शेवट ठरतो आणि विषय हीच संहिता.

याचा दोष मी इतरांवर टाकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मुलाने मला एक संहिता दाखवली होती. एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट पाहणारे बाप आणि मुलगी. मुलगी शिक्षण सोडून परत चालली आहे, हे दोघंही बोलत नाहीत. बाप नुसता डब्यातली भाकरी कोणी किती खायची यावर हुज्जत घालतो. गाडी येते, संपलं. मी त्याला म्हणालो, "छान आहे रे, पण शेवटी काहीतरी घडव. स्पर्धेत हे चालणार नाही." त्याने घडवलं. स्टँडवर खून झाला, किंकाळी, ब्लॅकआउट. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तो मुलगा नंतर लिहिताना दिसला नाही. मूळ संहितेची प्रत मी ठेवली नव्हती.

पुढे जगभरातली नवी छोटी नाटकं वाचताना ती हुज्जत मला पुन्हा पुन्हा आठवली. छोटं नाटक म्हणजे मोठ्या नाटकाची घाईघाईने सांगितलेली गोष्ट नव्हे. त्यातलं बरंचसं काम प्रेक्षकावर सोपवलेलं असतं आणि लेखकाचं कौशल्य काय सोपवायचं हे ठरवण्यात असतं. पुढच्या शिफारशी या एका कसोटीवर केलेल्या आहेत.

वाचावीत अशी पाच

पहिलं, कॅरिल चर्चिल यांचं 'फार अवे'. लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये २००० साली आलेलं हे नाटक तासाभराच्या आत संपतं. भाग तीन. पहिल्यात एक लहान मुलगी रात्री मावशीला विचारते, बाहेर ओरडलं कोण? मावशी आधी घुबडावर ढकलते. मुलीने काहीतरी पाहिलं आहे, मग आणखी काहीतरी. प्रत्येक प्रश्नाला मावशी नवं, पटेलसं उत्तर देते. शेवटी मुलीला एका मोठ्या कार्यात सामील करून घेतलं जातं. दुसऱ्या भागात ती मुलगी मोठी होऊन टोप्यांच्या कारखान्यात काम करते. टोप्या दिवसेंदिवस भव्य होत जातात. त्या घालून मिरवणुकीत कोण चालतं हे कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. पण कारागिरांची तक्रार असते ती आपली कला जाळली जाते याची आणि कंत्राटातल्या भ्रष्टाचाराची. तिसऱ्या भागात जगातलं सगळंच युद्धात उतरलेलं आहे : देश, प्राणी, हवामानसुद्धा. समोरची नदी कोणत्या बाजूची, हेही सांगता येत नाही. लेखिकेने मधली वर्षं गाळली आहेत. ती आपण भरतो आणि भरताना आपल्याच ओळखीच्या गोष्टी भरतो. धक्का आहे, पण शेवटासाठी राखून ठेवलेला नाही.

दुसरं त्यांचंच, 'लव्ह अँड इन्फर्मेशन' (२०१२). सात विभाग, पन्नासहून अधिक प्रवेश, काही तर चार-सहा ओळींचे. कोण बोलतंय हे लिहिलेलंच नाही. दोन मैत्रिणी, बाप-लेक की डॉक्टर-रुग्ण, हे दिग्दर्शकाने ठरवायचं. विभागांचा क्रम ठरलेला, पण विभागातले प्रवेश पुढेमागे करता येतात. तालमीच्या पहिल्या आठवड्यात यातला एक पानभर प्रवेश चार जोड्यांना द्यावा. चार वेगळी नाटकं तयार होतात.

तिसरं, पुन्हा चर्चिल : 'व्हॉट इफ इफ ओन्ली' (२०२१). जेमतेम वीस मिनिटांचं. जोडीदार गमावलेलं एक माणूस त्याच्याशी बोलू पाहतं आणि समोर येतात ती न घडलेली भविष्यं, आपल्याला घडू द्या म्हणून गर्दी करणारी. चर्चिल यांचा जन्म १९३८चा. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी हे लिहिलं. छोटं नाटक म्हणजे उमेदवारी, मोठं लिहिण्याआधीचा सराव, ही आपली समजूत त्याने मोडते. त्या तर मोठ्याकडून छोट्याकडे आल्या.

चौथं, डंकन मॅकमिलन यांनी जॉनी डोनाहो यांच्यासह केलेलं 'एव्हरी ब्रिलियंट थिंग'. २०१३ साली इंग्लंडमध्ये त्याचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडेही क्वासार ठाकोर पदमसी यांच्या दिग्दर्शनाखाली ते इंग्रजीत झालं आहे. आईने जीव देण्याचा प्रयत्न केला तेव्हा सात वर्षांच्या मुलाने जगण्याजोग्या गोष्टींची यादी करायला घेतली. पहिली नोंद : आइस्क्रीम. प्रयोगाआधी नट प्रेक्षकांना क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतो. त्याने क्रमांक पुकारला की ज्याच्याकडे ती चिठ्ठी आहे त्याने मोठ्याने वाचायची. कुणी वडील होतं, कुणी शिक्षिका. आत्महत्येवरचं नाटक किंकाळीशिवाय, समूहदृश्यांशिवाय, एका नटावर उभं राहतं. आपल्याकडे हा विषय स्पर्धेत वारंवार येतो, म्हणून हे वाचण्याचा आग्रह धरतो.

पाचवं सुचवतो, पण वाचू नका म्हणून. इराणचे नसीम सुलेमानपूर यांनी सक्तीची लष्करी सेवा नाकारली, म्हणून त्यांना पारपत्र मिळेना. देशाबाहेर जाता येत नाही तर नाटक जाईल, असं ठरवून त्यांनी 'व्हाइट रॅबिट, रेड रॅबिट' लिहिलं. २०११पासून ते जगभर होत आहे. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. दर प्रयोगाला नवा नट, आणि त्याच्या हातात संहितेचं बंद पाकीट प्रेक्षकांसमोरच पडतं. आज्ञा पाळणं म्हणजे काय, हे नाटकाचं सूत्र नटाच्या अवस्थेतच आलं. कुठे प्रयोग लागला तर कोणाला न विचारता जाऊन बसा.

आणि आपल्या घरचं

हे सगळं परक्या मुलखातलं वाटेल, म्हणून घरचा दाखला. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचं 'देवबाभळी' आधी एकांकिका होतं. २०१७ साली ते 'संगीत देवबाभळी' म्हणून पूर्ण लांबीचं झालं आणि २०२० सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याच्या संहितेला मिळाला. तुकोबांची भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि विठ्ठल तो काढतो, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली. देशमुख एक पाऊल पुढे जातात. दुखऱ्या पायाच्या, गर्भार आवलीची सेवा करायला साक्षात रखुमाई लखुबाई होऊन येते. रंगमंचावर फक्त या दोघी. तुकोबा नाहीत, विठ्ठलही नाही. ज्यांच्यावरून बोलणं चाललं आहे ते दोघेही पुरुष प्रेक्षकाच्या मनात. दिवाकरांनी न दिसणारं पात्र उभं केलं, त्याच घराण्याची ही रीत. आणि ही संहिता छापलेली आहे, विकत मिळते, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. परदेशी नाटक वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. भाषांतर करून प्रयोग करायचा तर लेखकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची लेखी संमती घ्यावी. 'आधारित' असं बारीक अक्षरात लिहून भागत नाही. दुसरं, आपल्या संघाने केलेल्या प्रत्येक एकांकिकेची स्वच्छ प्रत, लेखकाचं नाव आणि वर्ष घालून, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. बक्षीस न मिळालेल्याची तर नक्कीच. स्पर्धेसाठी बदल करायचे असतील तर बदलण्याआधीची प्रतही ठेवावी.

गेल्या जूनमध्ये एका मुलीचा फोन आला. तिनेच एक एकांकिका लिहिली होती. घर विकायच्या आदल्या रात्री दोन बहिणी भांडी वाटून घेतात, एवढंच. "काका, शेवटी काही घडत नाही. काय करू?" मी म्हटलं, आधी दोन प्रती काढ. एक मला पाठव. मग आपण बोलू.