मंगळ चंद्राएवढा दिसत नाही, तरी पाहावा

दरवर्षी ऑगस्टमध्ये मोबाइलवर एक संदेश फिरतो : २७ तारखेच्या रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार. त्याचे मूळ २००३ सालात आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळपास ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. ७५ पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, एवढाच खऱ्या माहितीचा अर्थ होता. पुढे संदेशातून दुर्बीण गळाली आणि चंद्र तेवढा राहिला.

या संदेशाची परीक्षा फेब्रुवारी २०२७ मध्ये अंगणातूनच घेता येईल. १९ फेब्रुवारीला मंगळाची प्रतियुती आहे. म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि मंगळ जवळपास एका रेषेत, मध्ये पृथ्वी. दुसऱ्याच दिवशी माघ पौर्णिमा. ज्या मघा नक्षत्रावरून माघ महिन्याला नाव मिळाले, त्याच्याच परिसरात त्या रात्री चंद्र आणि तांबूस मंगळ दिसतील. तेजस्वी गुरूही शेजारीच असेल. चंद्र आणि मंगळ एका नजरेत आले, की कोण किती मोठा हे कुणाला सांगावे लागणार नाही.

मंगळ साधारण २६ महिन्यांनी पृथ्वीजवळ येतो. पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने प्रत्येक वेळचे अंतर वेगळे. यंदा ते सुमारे १० कोटी किलोमीटर आहे. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेपाच मिनिटे लागतात. सप्टेंबर २०३५ मध्ये हेच अंतर ५ कोटी ७० लाख किलोमीटरच्या आसपास असेल.

मग यंदा दुर्बिणीतून काय दिसेल? सहा-आठ इंची दुर्बिणीतून लहानशी केशरी चकती, हवा स्थिर असेल तर ध्रुवावरची पांढरी टोपी आणि काही काळसर डाग. गुरूकडे दुर्बीण वळवली, की त्याचे पट्टे आणि चार मोठे चंद्र. रांगेत आपली पाळी आली, की लगेच बाजूला होऊ नये. अर्धा मिनिट शांतपणे पाहिले, की हवेची थरथर क्षणभर थांबते आणि बारकावे दिसतात. दुर्बिणीला हात लावू नये, मोबाइलचा दिवा बंद ठेवावा.

चंद्राएवढ्या मंगळाची अफवा निरुपद्रवी आहे. पत्रिकेतला मंगळ तसा नाही. ‘कडक मंगळ’ म्हणून आजही मुला-मुलींची स्थळे परत जातात. ज्याच्यामुळे हे घडते, तो ग्रह पृथ्वीच्या जवळपास निम्म्या व्यासाचा, थंड आणि धुळीचा आहे. कधी साडेपाच कोटी, तर कधी ४० कोटी किलोमीटरवर असतो. कुणाच्या लग्नाशी त्याचा संबंध असल्याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. हे व्याख्यानातूनही सांगता येते. पण आई-वडील आणि लग्नाच्या वयाची मुलगी एकाच रांगेत उभी राहून तो ग्रह पाहतात, तेव्हा घरी जाताना वेगळे बोलणे होऊ शकते.

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पण तिथे डोळा लावून पाहण्याची काच नसेल. सामान्य माणसाला आकाश दाखवायचे तर लहान दुर्बीणच हवी.

त्यासाठी मुहूर्तही दूर नाही. ६ मार्चला महाशिवरात्र आहे. औंढ्याला यात्रेची गर्दी असते, लोक रात्रभर जागे असतात आणि अमावास्या जवळ असल्याने चंद्रप्रकाश नसतो. मध्यरात्रीच्या सुमारास मंगळ जवळपास डोक्यावर असेल. शाळा-महाविद्यालयांनी यात्रेपासून थोडे दूर, दिव्यांच्या झगमगाटाबाहेर एक दुर्बीण लावली, तरी पुरेल.