मुक्त मोबाइल प्रणाली, लेखांक ७ : नोकियाचा करार आणि मीगो

एखाद्या मोबाइल प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्या मूळ आज्ञावलीतून घडते तो मजकूर, मुक्तस्रोत परवान्यामुळे कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येत असला, तरी त्यावर काम करणाऱ्यांचा पगार कोणी द्यायचा आणि ती प्रणाली कोणत्या फोनमध्ये घालायची, याविषयी परवाना अवाक्षर काढत नाही. ११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडन येथे नोकिया आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जाहीर केलेल्या भागीदारीमुळे ही उणीव ठळकपणे उघडी पडली.

त्याच्या जेमतेम वर्षभर आधी नोकियाची माएमो आणि इंटेलची मोब्लिन या लिनक्सवर आधारलेल्या दोन प्रणाली एकत्र करून मीगो हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झाला होता. छत्र तटस्थ होते. भार मात्र मुख्यतः या दोन कंपन्यांवरच होता. मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन ईलॉप सप्टेंबर २०१० मध्ये नोकियाचे मुख्याधिकारी झाले आणि नव्या भागीदारीत विंडोज फोन हीच कंपनीच्या स्मार्टफोनची मुख्य प्रणाली ठरली. या निर्णयाने मीगोच्या कोडची एक ओळही बंदिस्त झाली नाही, किंबहुना होऊ शकतच नव्हती. आटला तो पैसा, आणि त्याहून लवकर ॲप लिहिणाऱ्यांचा भरवसा. जून २०११ मध्ये नोकियाने एन९ हा फोन सादर केला. त्याच्या दर्शनी बाजूस एकही बटण नव्हते आणि पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवले की चालू ॲप बाजूला होई; पण मीगोचे नाव मिरवणाऱ्या, आतून बव्हंशी माएमोच्या वळणाच्या या फोनला वारस मिळणार नव्हता. इंटेलही त्याच वर्षी सॅमसंगबरोबर टायझेन या प्रणालीकडे वळली, जिचा विचार पुढील लेखांकात येईल.

नोकियाची तोवरची स्मार्टफोन प्रणाली असलेल्या सिंबियनच्या पीछेहाटीचे खापर मात्र या भागीदारीवर सर्वस्वी फोडता येत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये तिचा कोड खुला झाला खरा, परंतु तो सांभाळणारे प्रतिष्ठान करारापूर्वीच मोडकळीस आले होते.

क्यूटीची गोष्ट वेगळी आहे, आणि अधिक बोधक. क्यूटी म्हणजे ॲपमधील बटणे, याद्या, खिडक्या रचण्याची साधनपेटी. ती घडवणारी ट्रोलटेक ही नॉर्वेतील कंपनी नोकियाने २००८ मध्ये विकत घेतली होती. विंडोज फोनवर क्यूटीला जागाच नसल्याने तिचे कसब शिकलेल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तथापि १९९८ मध्येच केडीई या लिनक्सवरील मुक्त प्रकल्पाने ट्रोलटेकशी असा करार करून ठेवला होता की, मालकाने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणे थांबवल्यास एका स्वतंत्र न्यासाला ती अधिक सैल परवान्याखाली प्रसिद्ध करता यावी. मालक बदलले तरी ही अट टिकली. नोकियाने २०१२ मध्ये क्यूटी डिजिया या फिनिश कंपनीला विकली, तेव्हाही.

मीगोचा कोड मेर या प्रकल्पाने पुढे नेला आणि नोकियातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या योला कंपनीने मेर व क्यूटी यांच्या आधारे सेलफिश ही प्रणाली उभारली, तिचा दर्शनी भाग पूर्णपणे मुक्तस्रोत नसला तरी. नोकियाचा मोबाइल फोन व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. विंडोज फोनच्या जागी आलेल्या विंडोज १० मोबाइलचे सुरक्षा-अद्यतन जानेवारी २०२० मध्ये बंद झाले, आणि सेलफिशच्या नव्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या.